दोरीवरचे मोजे

हेक्टर मॅक्लेननला कचऱ्याचा राग आहे, हे फिअर्नाच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उभा जन्म त्याने या खोऱ्यात टपालाची गाडी चालवली आणि निवृत्त झाल्यावर त्याच रस्त्याने हातात चिमटा आणि पोतं घेऊन फिरायला लागला. कारणही तसंच होतं. उन्हाळ्यात दर शनिवारी शहरांतून गाड्या भरभरून पोरं यायची, रस्त्यालगतच्या मोठ्या तळ्याकाठी तंबू ठोकायची, बिअर प्यायची, कुंपणाचे खांब उपटून शेकोट्या करायची आणि रविवारी हात झटकून निघून जायची. तंबू तिथेच, आतली पांघरुणं तिथेच, तवेसुद्धा तिथेच. हल्ली तंबू इतके स्वस्त झालेत की ओला तंबू वाळवून घरी नेण्याची तसदी कोण घेतो? हेक्टर ते सगळं उपसायचा, पोत्यांत भरायचा आणि संध्याकाळी बायकोला, ईशबेलला, एकेका पोत्याची कर्मकहाणी ऐकवायचा. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण राग येणं वेगळं आणि रागाची चटक लागणं वेगळं. हेक्टरला चटक लागली होती.

सप्टेंबरात गावच्या हॉलमध्ये सभा ठरली. हेक्टरचं म्हणणं असं की रस्ता खोऱ्यात शिरतो तिथे फाटक घालावं आणि तंबू पाठीवर असलेल्या एकालाही खोऱ्यात सोडू नये. फिन्ले म्हणजे डोंगरात अडकलेल्यांना सोडवून आणणाऱ्या गावच्या पथकाचा म्होरक्या आणि हेक्टरचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला हे पटत नव्हतं.

"अरे, सुक्याबरोबर ओलंही जाळतोस तू," तो पबमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला. "रस्त्याकडेला घाण करणारे वेगळे आणि वर डोंगराच्या धारेवर जाणारे वेगळे. वर जाणारे आपल्यासारखे असतात. मला सांग, वर कधी कुणी टाकलेला तंबू सापडलाय तुला?"

लोक हसले. ते हसणं त्याला आठवडाभर खुपत राहिलं.

म्हणून सभेच्या दिवशी सकाळी तो चिमटा-पोतं घेऊन रस्त्याने न जाता बेन लिआ डोंगराच्या वाटेने वर निघाला. तो निघाला होता कचरा वेचायला, पण खरं सांगायचं तर आज कचरा सापडावा अशी त्याची इच्छा होती. कचरा नसावा म्हणून झटणाऱ्या माणसाला कचरा हवासा वाटायला लागला की समजावं, गाडी घसरली.

आणि तो सापडला. दलदल पार करून वरच्या छोट्या तळ्याशी पोचला तर पांढऱ्या धोंड्याच्या आडोशाला एक हिरवा तंबू. जुनापुराणा. एका बाजूला दोन ठिगळं. रात्रीच्या वाऱ्याने एक खुंटी उपटलेली, त्यामुळे एक बाजू लोळागोळा झालेली. आत झोपायची पिशवी, ओलसर. एका भांड्यात ओटच्या लापशीचा वाळलेला थर. व्हिस्कीची इवलीशी रिकामी बाटली.

"कोणी आहे का?" हेक्टरने हाक मारली. पण ती हाक कुणाला ऐकू जावी अशी नव्हती, मारल्याचं समाधान व्हावं इतपत होती.

मग त्याला मोजे दिसले. तंबूच्या ताणाच्या दोरीवर, धुऊन, पिळून, शेजारी शेजारी घातलेले. करडे, हाताने विणलेले, टाचेला लाल लोकर.

तंबू टाकून जाणारा माणूस मोजे धूत नाही.

हे हेक्टरला कळलं. कळायला वेळही लागला नाही. या डोंगरातली रीत त्याला कोण शिकवणार? पाण्यापाशी तंबू उभा ठेवायचा, पाठीवर हलकं ओझं घ्यायचं, धार फिरून संध्याकाळी परत यायचं. उभ्या तंबूला कुणी हात लावत नाही. खुंटी निघालेली दिसली तर जाणारा-येणारा ती परत रोवतो, वर एक दगड ठेवतो आणि आपल्या वाटेने जातो. तरुणपणी एकदा हेक्टर स्वतः वादळातून तंबूपाशी परतला होता, तर चारही खुंट्यांवर कुणीतरी दगड रचून ठेवलेले. त्या रात्री त्या अनोळखी माणसाच्या नावाने त्याने एक घोट घेतला होता.

त्याने वर पाहिलं. बेन लिआची धार ढगात चालली होती. त्याला पबमधलं हसणं आठवलं.

त्याने तंबू उतरवला, आतल्या सामानासकट पोत्यात कोंबला. मोजे मात्र पोत्यात घातले नाहीत. ते त्याने स्वतःच्या कोटाच्या खिशात खुपसले आणि खाली निघाला. त्याच्यामागे धुकं तळ्यावर उतरलं आणि पाठोपाठ पाऊस.

संध्याकाळी सभेत हेक्टरला असा रंग चढला की विचारू नका. हॉलच्या टोकाला, व्यासपीठाखाली, त्याने तो तंबू उभा केला, तोही मुद्दाम वाकडा. लापशीचं भांडं पुढे मांडलं, बाटली शेजारी.

"या, या!" तो म्हणाला. "राजवाडा बघून घ्या! नाश्ता तयार आहे, कुणाला वाढू?"

लोक खो खो हसले.

"आणि हा रस्त्याकडेचा नाही हं," हेक्टर म्हणाला आणि फिन्लेकडे वळला. "हा वरच्या तळ्याकाठचा. तुझ्या त्या आपल्यासारख्या माणसांचा!"

फिन्ले उठून जवळ आला. ठिगळावरून त्याने बोट फिरवलं. "हे हाताने शिवलंय, हेक्टर."

"मग? शिवता येणारी माणसं घाण करत नाहीत?"

पुन्हा हशा. फिन्ले हसला नाही. "तुला खात्री आहे ना? टाकलेलाच होता?"

"अरे, अर्धा कोसळलेला! आत चिखल! मी काय आज डोंगर बघतोय?"

कोटाच्या खिशातून ओल झिरपून मांडीपर्यंत आली होती. हेक्टर बोलत होता आणि एका हाताने तो खिसा दाबून धरत होता.

तेवढ्यात दार उघडलं.

आत आली ती एक म्हातारी बाई. नखशिखान्त भिजलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर छोटी पिशवी. चष्म्यावर पाणी आणि वाफ इतकी की तिला समोरचं धड दिसत नव्हतं. ती दाराशीच थांबली.

"माफ करा हं," ती म्हणाली. "सभा चाललीय वाटतं. मला फक्त एक फोन करायचा होता."

ईशबेल लगबगीने पुढे गेली. खुर्ची, टॉवेल, चहा, साखर जास्त घालून. बाईने कप दोन्ही हातांत धरून ठेवला.

"कुठून आलात, बाई?" फिन्लेने विचारलं.

"पर्थची मी. एफी रेनी. कालच्या बसने आले." तिने कप खाली ठेवला. "एक मूर्खपणा झालाय माझ्या हातून. सांगायची लाज वाटते. माझा तंबू... मी कुठे ठोकला तेच मला आठवत नाहीये."

हॉलमधल्या माना तंबूकडे वळल्या.

"म्हणजे मला वाटत होतं की आठवतंय. तळ्याकाठी, पांढऱ्या धोंड्यापाशी. पण तिथे काहीच नाही. धुकं होतं, म्हटलं धोंडा चुकला असेल. मग तळ्याला फेऱ्या घातल्या. परत परत त्याच धोंड्यापाशी यायचे. शेवटी शेवटी तर वाटायला लागलं, मी तंबू आणला तरी होता का?" ती हसली. ते हसणं बघवेना. "माझी मुलगी कधीपासून म्हणतेय, आई, तू विसरायला लागलीस, आता एकटी डोंगरात जाऊ नकोस. मी भांडायचे तिच्याशी. तिचंच खरं निघालं."

"बाई, कुणी उचलला नसेल कशावरून?" मागून कुणीतरी पुटपुटलं आणि लगेच गप्प झालं.

"छे हो!" एफी म्हणाली. "इतकी वर्षं फिरतेय. डोंगरात तंबूला कोण हात लावतो?"

आणि मग गावाने जे केलं ते गावंच करतात. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण मागची माणसं हळूहळू सरकून तंबूच्या समोर आडोसा करून उभी राहिली. कुणीतरी चहाच्या टेबलावरचं कापड ओढून त्यावर टाकलं. आपला तो बाब्या. दोन मिनिटांपूर्वी हसणारी ही माणसं आता हेक्टरला झाकत होती, आणि हेक्टर झाकला जात होता. फिन्ले त्याच्याकडे बघत राहिला. ईशबेलही. कुणी त्याचं नाव घेतलं नाही. बोलायचं ते त्यानेच, एवढी एकच जागा त्यांनी मोकळी ठेवली होती आणि हेक्टर तिथे पाऊल टाकत नव्हता. त्याच्या मनात येत होतं, सभा संपेल, बाईला कुणीतरी घरी नेईल, सकाळी तंबू हळूच कुठेतरी सापडल्याचं दाखवता येईल. असे विचार आपल्या डोक्यात येतात याचीच त्याला किळस आली, पण ते येत राहिले.

एफी उठून भिंतीवरच्या फोनकडे गेली. पाठमोरी, पण आवाज साऱ्या हॉलला ऐकू येत होता.

"केर्स्टी? अगं, मी बरी आहे. नाही, पडले नाही. ऐक तर. तू म्हणत होतीस ना... हो. तसंच झालं. तंबू कुठे ठोकला विसरले. हो गं, सबंध तंबू." थोडा वेळ ती नुसतं ऐकत राहिली. "नाही, आता वाद नाही घालत. ये तू उद्या न्यायला. आणि माझे हे डोंगरातले बूट शेजारच्या जेनच्या पोरीला देऊन टाक, तिच्या मापाचे आहेत. हं. हं. नाही, रडत नाहीये मी."

तिने फोन ठेवला, तेव्हा हेक्टर तिच्यामागे येऊन उभा होता.

"बाई," तो म्हणाला. "तुम्ही विसरला नाहीत. तंबू मी आणला."

माणसं बाजूला झाली. कापड निघालं. एफीने चष्मा पुसला आणि तंबूकडे बघितलं, पुढे मांडलेल्या भांड्याकडे बघितलं, त्या बाटलीकडे बघितलं. तिचा चेहरा लाल झाला. घर आवरलेलं नसताना पाहुणे घुसावेत, तसं तिला झालं असणार.

"टाकलेला वाटला मला," हेक्टर म्हणाला. "एक बाजू पडली होती. लोक टाकून जातात हो, दर आठवड्याला. चूक झाली."

"म्हणजे पांढऱ्या धोंड्यापाशीच होता?"

"तिथेच."

ती मटकन खुर्चीत बसली. मग म्हणाली, "चूक होते माणसाची. रात्री वारा होताच. मीच खुंटी नीट ठोकली नसेल." आणि एकदम आठवून, "माझे मोजे होते दोरीवर!"

हेक्टरचा हात आपसूक खिशात गेला. ओले मोजे बाहेर आले. सगळा हॉल बघत होता.

"हरवू नयेत म्हणून... वेगळे ठेवले होते," तो म्हणाला.

एफीने मोजे हातात घेतले आणि तिचे डोळे भरून आले. "बघा," ती ईशबेलला म्हणाली, "कचरा समजून उचलला, तरी मोजे जपून ठेवले. नवरा भला आहे हो तुमचा."

ईशबेलने लग्न झाल्यापासून हेक्टरला अनेकदा खोटं बोलताना पकडलं होतं, पण बारीकसारीक. आज तिने मान खाली घातली. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं हेक्टरला वाटलं.

एफी त्या रात्री त्यांच्याच घरी राहिली. केर्स्टीला परत फोन लावला, तर ती म्हणाली, "आई, पुरे. उद्या बोलू." एवढंच. झोपायला जाताना ईशबेलने ते मोजे नवऱ्याच्या हातात दिले. "तू वाळव," ती म्हणाली. हेक्टर चुलीपुढे बसून मोजे उलटेसुलटे करत राहिला.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. एफीला पुन्हा एकदा ती जागा बघायची होती. केर्स्टी दुपारी पोचणार होती. हेक्टरने तंबू, पिशवी, भांडं, सगळं पाठीवर घेतलं आणि तिच्यामागून चढायला लागला. पुढे ती जी चालली, ती न अडखळता. दलदलीत पाय कुठे टाकायचा हे तिला त्याच्याइतकंच कळत होतं.

तळ्याशी ती थेट पांढऱ्या धोंड्याकडे गेली. गवत अजून दबलेलं होतं, तंबूएवढंच चौकोनी.

"काल मी इथेच उभी होते," ती म्हणाली. "या गवतावर. पायाखाली दिसत होतं मला. आणि मी स्वतःलाच म्हटलं, एफी, हे हरणं बसून गेलेली असतील."

हेक्टरने तंबू उभा केला. मग धोंड्यावर चढून आपला मोबाईल काढला. तिथे जेमतेम रेंज यायची. एफीजवळ मोबाईल नव्हताच, त्यावरूनही मुलगी ओरडायची म्हणे.

"केर्स्टी, मी हेक्टर मॅक्लेनन. तुमच्या आई विसरल्या नव्हत्या. तंबू मी उचलून नेला होता. त्या बरोबर जागी परत आल्या होत्या."

पलीकडून थकलेला आवाज आला. शेजारी उभ्या एफीलाही तो ऐकू जात होता.

"तुम्ही फार चांगले आहात. काल रात्रीही आई हेच सांगत होती. पण असं बघा, मागच्या वर्षी ती बसस्टॉप चुकली, तेव्हाही एका भल्या माणसाने सांगितलं की पाटीच चुकीची होती. लोकांना तिची दया येते. मला कळतं. पण त्याने तिचं भलं होत नाही."

"अहो, दया नाही. खरंच मी—"

"भर दिवसा, सगळं सामान आत असलेला उभा तंबू कोणी शहाणा माणूस उचलून नेतो का? तेही तुमच्यासारखा डोंगरातला माणूस? कचरा समजून? मला पटत नाही, हेक्टर. खरंच राहू द्या."

एफीने खांदे उडवले आणि तळ्याकडे तोंड फिरवलं. तिने बूट देऊन टाकायचं मनात ठरवूनच टाकलं होतं, ते तिच्या पाठीवरून दिसत होतं.

आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती सांगितल्याशिवाय कुणाचाही विश्वास बसणार नव्हता. काल मिळालेला तो भलेपणा अजून हेक्टरच्या खिशात होता. न बोलता तो ठेवून घेता आला असता. एफीला कधी कळलंही नसतं.

"कचरा समजून नेला नाही मी," हेक्टर फोनवर म्हणाला.

एफी वळली.

"मला माहीत होतं की कुणीतरी परत येणार आहे. दोरीवर मोजे वाळत होते, धुतलेले. ते बघितले आणि मला कळलं. तरी उचलला. संध्याकाळी गावात सभा होती, मला दाखवायला एक तंबू हवा होता. पबमध्ये मला हसले होते म्हणून. मोजे मी खिशात घातले, ते हरवू नयेत म्हणून नाही. सभेत ते दिसले असते तर कुणी माझं ऐकलं नसतं. वर ढग उतरत होते, तेही बघितलं मी. तुमच्या आईच्या डोक्यात काही बिघाड नाही, बाई. बिघाड माझ्यात होता."

"आईला द्या," केर्स्टी म्हणाली. आवाज बदलला होता.

एफीने फोन घेतला. "हं," ती म्हणाली. "हं. ऐकलं मी." मग खूप हळू, "नाही, बूट नको देऊस कुणाला. मला लागतील." आणि नंतर, "दुपारी नको येऊस. आजची रात्र मी इथेच काढते. उद्या बसने येईन."

तिने फोन परत दिला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. हेक्टरने खिशातून मोजे काढले, वाळलेले, नीट घडी केलेले, आणि धोंड्यावर ठेवले. तो निघाला, तेव्हा वाऱ्याने तंबूची एक खुंटी सैल झालेली त्याला दिसली. सवयीने तो खाली वाकला आणि दगड शोधायला लागला.

"राहू द्या," एफी मागून म्हणाली. "माझ्या तंबूला हात लावू नका."

त्याने हातातला दगड जिथून उचलला होता तिथेच ठेवला. खाली उतरताना दलदलीपाशी त्याने एकदा मागे वळून पाहिलं. ती गुडघ्यांवर बसून त्याने ठोकलेल्या खुंट्या एकेक करून उपटत होती आणि स्वतःच्या हाताने पुन्हा ठोकत होती.